एक नाव, तीन रमाबाई

लखनौ शहरात 'रमाबाई आंबेडकर मैदान' नावाचे विस्तीर्ण सभास्थान आहे. बोलण्यात त्याचे 'रमाबाई मैदान' होते, आणि ते ऐकताच ख्रिस्ती वाचकाच्या मनासमोर केडगावच्या पंडिता रमाबाई उभ्या राहतात. पुणेकरास कदाचित न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी आठवतील. म्हणून या तिघींचा परिचय निरनिराळा करून घेणे अगत्याचे आहे.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. रमा हे त्यांचे जन्मनाव. 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या. त्यांचे पती बिपिन बिहारी मेधवी बंगाली होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. हिब्रू व ग्रीक मुळावरून त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

रमाबाई रानडे (१८६२-१९२४) यांचे माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. १८७३ साली विवाह झाल्यावर त्या 'रमा' झाल्या. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला, तेव्हा घरच्या स्त्रियांचा रोष पत्करून या तरुण रमाबाई त्यांच्या सभांस जात. पुढे शारदा सदनातील धर्मविषयक वादामुळे न्या. रानडे यांनी १८९३ साली त्या संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. वाटा निराळ्या झाल्या, तरी निराधार स्त्रियांची सेवा दोघींनीही आमरण केली; एकीने मुक्ती मिशनमध्ये, दुसरीने सेवासदनात. दोघींच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने तिकिटे काढली: रानडे यांचे १९६२ साली, पंडितांचे १९८९ साली.

रमाबाई आंबेडकर (१८९८-१९३५) दापोलीजवळील वणंद गावच्या. १९०६ साली त्यांचा विवाह झाला. पती परदेशी शिकत असता त्यांनी हलाखीत संसार सांभाळला. पाच मुलांपैकी केवळ यशवंत जगला. डॉ. आंबेडकर त्यांना 'रामू' म्हणत. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी तिच्याच स्मृतीस अर्पिला. या रमाबाईंनी संस्था काढली नाही की ग्रंथ लिहिला नाही. लखनौचे मैदान मात्र त्यांच्याच नावाचे आहे.

योहान १९:२५ मध्ये वधस्तंभाजवळ तीन मरीया उभ्या दिसतात. एकीची ओळख पुत्रावरून, दुसरीची पतीवरून, तिसरीची गावावरून. नाव एक असले तरी शुभवर्तमानकाराने त्यांची सरमिसळ होऊ दिलेली नाही. आपल्या तीन रमाबाईंपैकी दोघी पतीच्या आडनावाने ओळखल्या जातात, एक स्वतःच्या विद्येने. एकीचे कार्य दुसरीच्या नावावर घातले, तर दोघींवरही अन्याय होतो. प्रिय वाचकहो, संडे स्कूलमध्ये वा महिला मंडळात 'रमाबाई' हा विषय निघेल तेव्हा पूर्ण नाव घ्यावे, आणि उरलेल्या दोघींचीही ओळख मुलांना करून द्यावी.