आई नसलेले रेडकू : नफा-तोटा पहिल्या दिवशीच

म्हशीच्या तबेल्यात मादी पारडी सांभाळली जाते. नर रेडकू मात्र दूध पिऊन तोटा करणारे, म्हणून आई मेलेले किंवा आईपासून तोडलेले रेडकू कवडीमोलाने मिळते. शेताचा तुकडा असलेल्या कारागीर बांधवांना हा जोडधंदा जमण्यासारखा आहे. (गोवंशाचा विचार नको. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे.)

आम्ही कापडवाले. स्वस्त ठाण दिसले की हात पुढे जातो. त्याच सवयीने एकदा चार रेडके उचलली. आठवड्यात तीन मेली. चीक पाजला होता का, एवढेच विचारायचे राहिले होते.

रेडकू रोगाशी लढण्याची ताकद घेऊन जन्मत नाही. ती चिकातून मिळते, आणि ती घेण्याची आतड्याची क्षमता २४ तासांत संपते. ३० किलोच्या रेडकाला पहिल्या दोन तासांत दीड-दोन लिटर चीक द्यावा, बारा तासांच्या आत पुन्हा तितकाच. आई मेली असेल तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या म्हशीचा किंवा गाईचा चालतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. चीक न मिळालेले रेडकू फुकटातही महाग!

पुढे वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे रोज तीन लिटर कोमट दूध दोन वेळा विभागून. दोन महिन्यांत १८० लिटर झाले. खरे भांडवल इथे लागते. म्हशीऐवजी गाईचे दूध दिले तर खर्च वाचतो, मात्र बदल हळूहळू करावा. दुसऱ्या आठवड्यापासून खुराक व कोवळा चारा समोर ठेवावा. रोज अर्धा-पाऊण किलो खुराक पचवू लागले की दूध तोडावे. गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवशी डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्यावेच. हगवण लागली तर मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे.

दूध सुटल्यावर कडबा, हिरवा चारा, पेंड. त्यात विशेष काही नाही.

बकरी ईदचा बाजार धरायचा तर जनावर दोन वर्षांचे पूर्ण हवे. ईद दरसाल दहा-अकरा दिवस आधी येते, हे खरेदीच्या वेळीच मोजावे. जन्मतारीख वहीत लिहावी, खरेदीची पावती जपावी. रेडकू वा म्हैस कापण्यासाठी १९७६ च्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याचा दाखला लागतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.