अकरावा अध्याय, आणि अंधारातलं बाकडं



आजचं वाचन: गीता, अध्याय ११, श्लोक ४५ ते ५०. ज्ञानेश्वरी हाताशी असेल तर याच श्लोकांवरच्या ओव्याही वाचा, घाई न करता. आज गाडी थोडी आडवळणाने जाणार आहे, कारण मला एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय. पण आधी श्लोक.

४५ व्या श्लोकात अर्जुन जे बोलतो त्यावरून आपण भरकन पुढे जातो. तो म्हणतो, पूर्वी कधी न पाहिलेलं रूप पाहून मला हर्ष झाला आहे आणि माझं मन भयाने व्याकुळ झालं आहे. दोन्ही एकाच श्लोकात, एकाच दमात. आनंद खरा आणि भीती खोटी, किंवा उलटं, असं काही तो म्हणत नाही. ४६ व्यात तो मागणं करतो: तुझं ते किरीट-गदा-चक्राचं, चार हातांचं रूप दाखव. ४९ व्यात भगवंत सांगतात, घाबरू नकोस, गोंधळू नकोस, हे घे ते रूप. आणि ५० व्यात संजय धृतराष्ट्राला सांगतो की त्या महात्म्याने सौम्य होऊन भ्यालेल्या अर्जुनाला आश्वासन दिलं.

हा 'आश्वासन' शब्द आपण निवडणुकीच्या बातम्यांत वापरून वापरून पार झिजवलाय. मूळ धातू आहे 'श्वस्', श्वास घेणे. त्याला 'आ' लागला की अर्थ होतो परत श्वास घेणे, दम खाणे, जिवात जीव येणे. म्हणजे भगवंतांनी अर्जुनाला काय दिलं? अडकलेला श्वास मोकळा करून दिला. युद्ध रद्द केलं नाही. समोर भीष्म-द्रोण होते तसेच उभे आहेत, अठरा दिवस अजून जायचेत.

आता गेम. माझा पुण्यातला मावसभाऊ, वय बावीस, मागे मला म्हणाला, "दादा, रात्री हॉरर गेम खेळलो की मला शांत वाटतं. आणि सकाळी हरिपाठ म्हणताना वाटतं, आपण काहीतरी घाण करून आलोय. हे चालतं का?" त्याला तेव्हा फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं. नीट उत्तर आज लिहितोय.

२०२२ च्या आषाढात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बारा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आणलं, रत्नागिरीला. माझं काम घरूनच चालायचं, म्हणून रात्रपाळी माझ्याकडे आणि दिवस आई-आत्याकडे. अशा पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. अकराला, एकला, तीनला, पाचला असे अलार्म लावलेले. मधल्या वेळात झोप लागायची नाही. पोथी उघडली तर अक्षरं नुसती डोळ्यांपुढून जायची. जप सुरू केला की दहाव्या मण्याला मन बाबांच्या श्वासाकडे. बाहेर कोकणातला पाऊस, पत्र्यावर एकसारखा.

त्या रात्री मी 'हॉलो नाइट' खेळलो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या 'टीम चेरी' या अगदी छोट्या टीमने केलेला, २०१७ साली आलेला गेम. साध्या लॅपटॉपवर चालतो. तुम्ही एक इवलासा किडा, पांढरा मुखवटा, हातात तलवारीसारखा खिळा, आणि खाली जमिनीच्या पोटात उद्ध्वस्त झालेलं किड्यांचं राज्य. सगळीकडे रोग पसरलेला. त्यात 'डीपनेस्ट' नावाचा भाग आहे, तिथे जायचं म्हणजे पोटात गोळा येतो. कोळ्यांची जाळी, भिंतींतून सरपटण्याचे आवाज, मेलेली प्रेतं उठून चालायला लागतात. कंदील घेतला नसेल तर काही ठिकाणी काहीच दिसत नाही. एका जागी तर तुमच्यासारखीच दिसणारी आकृती पुढे पळते, तुम्ही मागे जाता, आणि ती तुम्हाला राक्षसाच्या तोंडाशी नेऊन सोडते.

आणि यात मला बरं वाटायचं! आत्याने एकदा स्क्रीन पाहिली. म्हणाली, "अरे, घरात आजारी माणूस, आणि हे काय भुताखेताचं बघत बसलायस?"

गंमत अशी की आत्या स्वतः त्याच खोलीत बाबांच्या उशाशी बसून रोज तिन्हीसांजेला भीमरूपी म्हणायची. आपण सगळे लहानपणी अंधाराला घाबरलो की हेच म्हणत मोठे झालो. आता त्या स्तोत्रातला मारुती आठवा. डोळ्यांत आग, चढलेल्या भुवया, माथ्यावर वळलेली शेपटी, आणि वाढत वाढत ब्रह्मांडाएवढं झालेलं शरीर. समर्थांनी नावच 'भीम' दिलंय, म्हणजे भयंकर. घाबरलेल्या पोराला झोपवायला आपण त्याला फुलं-पाखरांचं गाणं देत नाही, एका भयंकर रूपाचं वर्णन देतो. आणि पोरगं झोपतं. आपल्याकडे शिमग्यात संकासूर येतो तेही तसंच. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, कमरेला खुळखुळणारी घुंगरं. पोरं किंचाळत माजघरात पळतात आणि आया त्यांना धरून परत अंगणात आणतात, त्याच्या पुढ्यात. वर्षातून एकदा भीती दारात येते, नाचते, आपला मान घेते आणि पुढच्या घरी जाते. ही रीत काढणाऱ्यांना माणसाच्या मनातलं बरंच कळत होतं, असं माझं मत आहे.

तर डीपनेस्टमध्ये बरं का वाटायचं? दिवसभर माझ्या भीतीला आकारच नव्हता. बाबा बोलतील का, दुसरा झटका येईल का, हे प्रश्न धुक्यासारखे. गेममध्ये भीतीला आठ पाय होते आणि ती डावीकडून यायची. तिच्याशी काय करायचं ते ठरलेलं होतं. मेलात तर जिथे मेलात तिथे तुमची सावली उभी राहते, तुमची कमाई धरून. परत जाऊन त्या सावलीशी लढायचं, की कमाई परत मिळते. रात्री दोन वाजता माणसाला एवढं स्पष्ट काहीतरी हवं असतं.

पण खरी गोष्ट बाकड्याची. या गेममध्ये मधूनमधून लोखंडी बाकडी ठेवलेली आहेत. तिथे बसलं की जखमा भरतात आणि पुन्हा मेलात तर तिथूनच सुरुवात होते. काही ठिकाणी गरम पाण्याचे झरेही आहेत, आपल्या तुरळ-राजवाडीच्या कुंडांसारखे. त्यात उभं राहिलं की ताकद परत येते. एक लक्षात घ्या, बाकड्यावर बसून उठलात की मारलेले साधे शत्रू पुन्हा जिवंत होऊन आपापल्या जागी हजर! पुढचा रस्ता बाकडं सोपा करत नाही. ते फक्त श्वास परत देतं. ५० वा श्लोक वाचताना मला हेच आठवतं, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. (एक बाकडं मात्र फसवं आहे, बसलात की जाळ्यात गुंडाळले जाता. बाबांच्या आजारपणात लोकांनी पाठवलेले 'हमखास उपाय' वाचताना मला त्या बाकड्याची हटकून आठवण यायची.)

इंजिनीयरच्या नजरेने अजून एक दिसतं. कोळ्यांची जाळी ज्यांनी बनवली, बाकडंही त्यांनीच ठेवलंय. खेळणारा किती वेळ टिकेल, कुठे त्याचा दम संपेल, हे कुणीतरी बसून मोजलंय. नकाशे विकणारा कॉर्निफर त्या सगळ्या काळोखात गुणगुणत असतो, आणि तो जवळ असला की वाटेत कागदाचे तुकडे पडलेले दिसतात. ते गुणगुणणं ऐकू आलं की मी हातातलं सोडून आधी तिकडे वळायचो. अंधार आणि अंधारातला आवाज, दोन्ही एकाच हातचे. आता अकरावा अध्याय बघा. अर्जुनाला घाबरवणारा आणि धीर देणारा कुणी वेगवेगळे आहेत का? ३१ व्या श्लोकात तो विचारतो, हे उग्ररूपा, तू आहेस तरी कोण? ३२ व्यात उत्तर येतं, मी काळ आहे. आणि ५० व्यात जो जवळ घेतो, तो तोच.

माउलींनी हे फार आधी ओळखलंय. या अध्यायाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की इथे दोन रस आहेत, शांत आणि अद्भुत. शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आलाय, आणि बाकीच्या रसांनाही त्या वऱ्हाडात मान मिळालाय. म्हणजे यजमान कोण? शांत रस. एवढं थरकाप उडवणारं रूप, जळत्या तोंडांत शिरणारे योद्धे, आणि हे सगळं शांताच्या घरात चाललंय! आमच्याकडे बाबांची पोथी आहे ती पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची 'अभंग ज्ञानेश्वरी'. रत्नागिरीपासून पावस वीसेक किलोमीटर. स्वामी १९३४ साली इतके आजारी पडले की मरणाच्या दारातून परत आले, आणि मग १९७४ पर्यंत पावसलाच राहिले. ज्याने काळाला इतक्या जवळून पाहिलं त्याने माउलींचा हा भाग सोप्या मराठीत आणला, हे वाचताना मी विसरत नाही.

४९ व्या श्लोकावर तर माउलींचे भगवंत अर्जुनाला चक्क रागावतात. अमृताचा समुद्र समोर आला तर बुडेन म्हणून कोणी पळतं का? सोन्याचा डोंगर मिळाला तर फार मोठा आहे म्हणून टाकतं का? आणि मग सांगतात की चार हातांचं रूप बघ खुशाल, पण जीव त्या विश्वरूपापाशी ठेव. कृपण जसा पुरलेल्या धनापाशी मन ठेवून नुसत्या देहाने हिंडतो. पक्षीण जशी पंख न फुटलेल्या पिल्लांपाशी जीव ठेवून आभाळात जाते. गाय डोंगरावर चरते आणि चित्त घरी वासरापाशी. भ्यायला लावणारं ते रूप टाकून दे, असं माउली कुठेच म्हणत नाहीत.

इथे गेमची हद्द संपते, आणि हेही सांगायलाच हवं. श्रावणात एका रात्री वीज गेली, बाबांचा श्वास घरघरायला लागला आणि मध्येच थांबल्यासारखा व्हायचा. डॉक्टरांना फोन लावला, ते पहाटे येतो म्हणाले. लॅपटॉप चालू होता, मी बंद केला. डीपनेस्टमधल्या बाकड्याने मला कित्येक रात्री विश्रांती दिली होती, पण त्याला काही मागता येत नव्हतं. त्याच्याशी बोलता येत नव्हतं. अर्जुनाकडे ४६ वा श्लोक आहे. तो म्हणू शकतो, मला हे सोसवत नाही, तू माझा सखा होऊन ये. ज्याला म्हणतोय तो ऐकतो. मी टॉर्चच्या उजेडात बाबांच्या पोथीतून तो भाग मोठ्याने वाचला. आत्या उठून बसली, तिने मध्येच वाचन माझ्याकडून घेतलं, कारण माझा आवाज बसला होता. पहाटे डॉक्टर आले, छातीत कफ साठला होता, तो काढला. बाबा त्यानंतर सहा महिने होते. माघात गेले.

म्हणून मावसभावाला माझं सांगणं असं: खेळ. हरिपाठ म्हणताना मान खाली घालू नकोस. आपल्या पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'चा 'राजी' २०२० साली आला, त्यात दुर्गा आणि विष्णू स्वतः गोष्ट सांगतात, हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी आहे, देवळं सुंदर काढलीत. तोही खेळ. मला स्वतःला तो कमी पडला, कारण तो पुरेसा घाबरवत नाही. पण देव असलेला गेम सात्त्विक आणि कोळी असलेला तामसी, अशी वाटणी करू नकोस. एवढंच बघ की गेम बंद केल्यावर श्वास मोकळा झालाय की छाती अजून आवळलीय. आवळली असेल, झोप उडत असेल, घरच्यांशी बोलणं तुटत असेल, तर ते फसवं बाकडं आहे, ऊठ तिथून. आणि कधीतरी त्या खेळाच्या आधी अकरावा अध्याय पूर्ण वाच. पंचावन्न श्लोक, बारा-पंधरा मिनिटं लागतात, एका बॉसशी लढायला मला याहून जास्त वेळ लागलाय.

उद्या ५१ वा श्लोक. अर्जुन म्हणतो, आता मी भानावर आलो. भगवंत परत कोणत्या रूपात दिसले, चार हातांच्या की दोन, यावर टीकाकारांनी बराच खल केलाय, त्याबद्दल उद्या.

रामकृष्णहरी.