बोर्डाचा शेरा अंतिम नाही

प्रश्न : सैन्यातील सेवेत माझ्या कमरेची चकती सरकली. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने 20 टक्के अपंगत्व दिले, पण ‘आजार सेवेमुळे नाही’ असा शेरा मारला. गेल्या महिन्यात पेन्शन नाकारल्याचे पत्र आले. आता काहीच होणार नाही का?
– माजी सैनिक, एरंडोल

उत्तर : दादा, धीर सोडू नका. बोर्डाचा शेरा अंतिम नसतो. 20 टक्क्यांची किमान अट तुम्ही पूर्ण करता. वाद फक्त कारणाचा आहे. धरमवीर सिंग खटल्यात (2013) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच उद्भवला असे सामान्यतः मानावे. तसे नसल्यास बोर्डाने कारणे द्यायला हवीत.

पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत रेकॉर्ड ऑफिसकडे पहिले अपील करा. ते फेटाळले तर दुसरे अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ, असा मार्ग आहे. बोर्डाच्या अहवालाची प्रत, उपचारांचे कागद आणि खडतर ठिकाणच्या नेमणुकांचा तपशील जोडा. अर्जासाठी जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

मात्र सप्टेंबर 2023 च्या अखेरीस किंवा त्यानंतर निवृत्त झाला असाल, तर नवे नियम लागू होऊ शकतात. आधी जाणकार वकिलाला कागद दाखवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, पोच जपून ठेवा.