जुना कॅमेरा व त्याची शिकवण



गेल्या वर्षीं शाळेच्या प्रदर्शनांत मीं एका टेबलावर तीन जुने कॅमेरे मांडून ठेविले होते. पाहावयास आलेल्या मुलांनीं ते हातीं घेतले, डोळ्याशीं धरले, कळ दाबली आणि लगेच कॅमेरा उलटा करून त्याची पाठ पाहिली. पाठीवर कांहींच नव्हतें. ‘सर, फोटो कुठें दिसतो?’ हा प्रश्न त्या दिवशीं मला वीस वेळां तरी ऐकावा लागला. प्रश्न अगदीं योग्य होता. परंतु त्याचें उत्तर उभ्या उभ्या देतां येण्यासारखें नव्हतें, म्हणून तें येथें सावकाश देत आहें.

फोटो त्या क्षणीं कोठेंच दिसत नाहीं, हेंच खरें उत्तर होय. फिल्म ही एक पारदर्शक पट्टी असून तिच्या एका बाजूस जिलेटिनचा पातळ थर दिलेला असतो. त्या थरांत रुप्याच्या क्षारांचे, मुख्यत्वें सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. कळ दाबतांच शटर क्षणभर उघडतें, लेन्समधून आलेला प्रकाश त्या कणांवर पडतो आणि तेथें एक ठसा उमटतो. हा ठसा डोळ्यांना दिसत नाहीं. पुढें रोल अंधारांत धुतात, तेव्हां डेव्हलपर नांवाच्या द्रावणामुळें प्रकाश लागलेल्या कणांचें काळ्या रुप्यांत रूपांतर होतें, आणि हायपोच्या द्रावणांत बाकीचे कण विरघळून जातात. जेथें प्रकाश अधिक तेथें काळें व जेथें सावली तेथें स्वच्छ, असें हें उलटें चित्र; यासच निगेटिव्ह म्हणतात. त्यावरून कागदावर पुन्हां चित्र काढलें म्हणजे उलट्याचें सुलट होतें. ही कृष्णधवल फिल्मची रीत झाली. रंगीत फिल्मची क्रिया याहून गुंतागुंतीची आहे, पण आरंभ रुप्याच्या कणांपासूनच होतो. कळ दाबणें आणि चित्र पाहणें यांच्यामध्यें अशा रीतीनें कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे, जातात. या मधल्या काळांतच जुन्या कॅमेऱ्याची बरीचशी शिकवण आहे, असें मला अनुभवानें वाटूं लागलें आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. आरंभीं छायाचित्रण हें मोठ्या पेटीचें, तिवईचें व कांचेच्या तावदानांचें काम होतें. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक नांवाचा हातांत धरण्याजोगा कॅमेरा विक्रीस आणला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे, व ती संपली म्हणजे सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा लागे. १९०० सालीं त्याच्याच कंपनीनें ब्राउनी हा पुठ्ठ्याचा साधा कॅमेरा एका डॉलरला देऊं केला, आणि शाळकरी मुलांच्या हातींहि कॅमेरा आला. परंतु आज आपण ज्यास लहान कॅमेरा म्हणतों त्याचा जनक निराळा. जर्मनींतील वेट्झलार गांवीं लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथें ऑस्कर बार्नाक नांवाचा एक यंत्रज्ञ काम करी. त्यास दम्याचा विकार असल्यामुळें जड कॅमेरा घेऊन हिंडणें कठीण जाई. त्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, ती आडवी चालविली, आणि सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरची, चौकट ठरविली. त्याचा कॅमेरा लायका या नांवानें १९२५ सालीं लाइपझिगच्या व्यापारी जत्रेंत लोकांपुढें आला. पुढें १९६६ सालीं रोलाय ३५ व १९६७ सालीं ऑलिंपस ट्रिप ३५ हे खिशांत मावणारे कॅमेरे निघाले. १९७७ सालीं कोनिका कंपनीनें अंतर आपोआप लावून घेणारा कॅमेरा बाजारांत आणला. यंत्रें बदललीं, पण या सर्वांत चौकटीचें माप बार्नाकनें ठरविलें तेंच राहिलें.

आमच्या घरचा पहिला कॅमेरा याहूनहि साधा होता. माझ्या वडिलांजवळ भारतांत तयार झालेला आग्फा क्लिक तीन होता. त्यांत १२० नंबरचा रोल बसे व सहा सेंटिमीटर चौरसाचीं बारा चित्रें येत. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदु’ रोल त्या वेळीं मिळे; तो कारखाना आतां बंद पडला आहे. बारा चित्रांचा रोल आमच्या घरांत कधीं कधीं वर्षभर पुरे. बारावें चित्र घेईपर्यंत पहिलें कशाचें होतें हें कोणास आठवत नसे, आणि रोल धुऊन आला म्हणजे सारें घर दिव्याखालीं जमे.

आतां उपयोगाकडे वळूं. फिल्मवर किती प्रकाश पडावा हें तीन गोष्टींवर ठरतें : फिल्मची संवेदनक्षमता, शटर उघडें राहण्याचा काळ, व लेन्सच्या छिद्राचा आकार. संवेदनक्षमता फिल्मच्या डबीवर १००, २००, ४०० अशी छापलेली असते. ४०० च्या फिल्मला १०० च्या फिल्मच्या चौथाई प्रकाश पुरतो. शटरचे आंकडे सेकंदाचे भाग होत. १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेंपंचविसावा भाग. छिद्राचे आंकडे मात्र नवख्यास बुचकळ्यांत टाकतात : २.८, ४, ५.६, ८, ११, १६. नववीच्या मुलांनीं हे आंकडे नीट पाहावे. प्रत्येक आंकडा मागल्याच्या सुमारें १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतक्या पटीनें मोठा आहे. लेन्सच्या नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासानें भागून हा आंकडा काढतात. वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. म्हणून व्यासास १.४१ नें भागलें कीं क्षेत्रफळ निम्में होतें. सारांश, आंकड्याची एक पायरी पुढें गेलें कीं प्रकाश अर्धा होतो. शटरची प्रत्येक पायरीहि अशीच निमपट असते. यास्तव एकीकडे एक पायरी वाढवून दुसरीकडे एक कमी केली तर हिशेब तोच राहतो. भूमितींत पाठ केलेलें सूत्र असें हातांत फिरतांना पाहिलें म्हणजे पुन्हां विसरत नाहीं.

प्रकाश मोजण्याचें यंत्र ज्या कॅमेऱ्यांत नसतें, त्यासाठीं एक सोपा नियम आहे. स्वच्छ ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावें आणि शटरचा आंकडा फिल्मच्या आंकड्याच्या जवळचा घ्यावा. १०० च्या फिल्मला १२५. पातळ ढग येऊन सावलीच्या कडा पुसट झाल्या तर छिद्र ११. सावली जेमतेम दिसत असेल तर ८. मुळींच दिसत नसेल तर ५.६. हा नियम वापरणाऱ्यास चित्र घेण्यापूर्वीं जमिनीवरील सावली पाहण्याची संवय लागते. आषाढांतील दुपार आणि माघांतील दुपार यांच्या सावल्यांत किती भेद असतो, हें माझ्या ध्यानांत कॅमेरा हातीं आल्यावरच आलें.

दुसरी गोष्ट अंतराची. पुष्कळ लहान कॅमेऱ्यांत अंतर अंदाजानें लावावें लागतें. ट्रिप ३५ च्या लेन्सवर त्यासाठीं चार चित्रखुणा आहेत : एक माणूस, दोन माणसें, घोळका व डोंगर. पहिल्या तीन अनुक्रमें सुमारें १, १.५ व ३ मीटरांच्या, आणि शेवटची फार दूरच्या वस्तूंसाठीं. अंदाज चुकला तर काय, असें तुम्ही विचाराल. त्या कॅमेऱ्याच्या लेन्सचें नाभ्यंतर ४० मिलिमीटर आहे. छिद्र ८ वर असून अंतर ३ मीटर लावलें, तर सुमारें २ मीटरांपासून ५ मीटरांपलीकडेपर्यंतचें सारें चित्रांत रेखीव येतें. तेंच छिद्र २.८ इतकें मोठें उघडलें, तर रेखीवपणा अडीच ते साडेतीन मीटरांच्या टप्प्यांत राहतो. म्हणून भर उन्हांत थोडी चूक खपते, तिन्हीसांजेस खपत नाहीं. आपलीं चार पावलें म्हणजे साधारण तीन मीटर, एवढें माप पायांनाच शिकवून ठेवावें.

जुना कॅमेरा विकत घेण्याची घाई करूं नये. प्रथम आजोबांचें किंवा मामांचें कपाट पाहावें. सांपडला तर पाठ उघडून शटरची कळ दाबावी व प्रकाश आरपार दिसतो कीं नाहीं तें पाहावें. लेन्समध्यें बुरशीचें जाळें आहे का, हें उजेडाकडे धरून तपासावें. आपल्याकडील पावसाळ्यांत बंद कपाटांतल्या लेन्सला बुरशी हमखास लागते. पाठीच्या दाराला लावलेली काळ्या स्पंजाची पट्टी जुनी होऊन डांबरासारखी चिकट झाली असेल, तर ती काढून नवी बसवावी, नाहीं तर फटींतून उजेड शिरून चित्रावर पट्टे उमटतात. ट्रिप ३५ ला सेल लागत नाहीं. लेन्सभोंवतींच्या सेलेनियमच्या कड्यावर प्रकाश पडला कीं त्यांतूनच वीज उत्पन्न होते आणि छिद्र आपोआप ठरतें. तो चालू आहे कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति अशी : छिद्राची खूण आपोआपवर ठेवून लेन्स तळहातानें झांकावी व कळ दाबावी. डोळा लावण्याच्या खिडकींत तांबडी पट्टी वर आली आणि शटर अडलें, तर यंत्र बहुधा शाबूत आहे. हात काढून उजेडाकडे धरल्यावर शटर उडालें पाहिजे.

आतां एक चूक सांगतों. ती माझी स्वतःची आहे. मी नोकरीस लागलों त्या सुमारास आमच्या त्या शाळेंतील वृद्ध शिपाई सेवानिवृत्त झाले. आम्ही सारे त्यांना बाबा म्हणत असूं. घंटेचा टोल त्यांच्या हातचा. निरोपाच्या दिवशीं मीं त्यांचीं चित्रें घेतलीं : घंटेपाशीं, विहिरीपाशीं, मुलांच्या घोळक्यांत. नवी टोपी घालून ते दर वेळीं अगदीं स्तब्ध उभे राहत. कॅमेऱ्यावरील आंकडा ३६ झाला, ३७ झाला, ३९ झाला, तरी रोल संपेना. तेव्हांच मला शंका यावयास हवी होती. रात्रीं पाठ उघडली तेव्हां कळलें कीं फिल्मचें टोंक चक्रींत अडकलेंच नव्हतें. चक्री रिकामी फिरत होती, आंकडा पुढें सरकत होता, आणि सबंध फिल्म डबींत जशीच्या तशी होती.

बाबा संध्याकाळच्या एस.टी.नें गांवीं गेले होते. महिन्यानें त्यांनीं एका मुलाबरोबर निरोप धाडला, ‘गुरुजी, फोटो झाला का?’ रोल धुवावयास दिला आहे, असें मीं उत्तर पाठविलें. तें खोटें होतें. चूक यंत्र भरण्याची होती, परंतु ती लपविण्याची दुसरी चूक मीं जाणूनबुजून केली. गांवीं जाऊन पुन्हां चित्र घ्यावें असा विचार दोनतीनदां मनांत आला व राहून गेला. त्याच पावसाळ्यांत ते वारले.

म्हणून रोल भरण्याची रीत तुम्हांस तपशिलानें सांगतों. फिल्मचें टोंक चक्रीच्या खांचेंत नीट घालावें. दोन्ही कडांचीं भोंकें दात्यांवर बसलीं आहेत हें पाहिल्याशिवाय दार लावूं नये. दार लावल्यावर फिल्म उलट गुंडाळण्याच्या कळीनें तिची ढिलाई हलकेच काढून घ्यावी. मग फिल्म पुढें सरकवितांना ती कळ आपोआप फिरते कीं नाहीं तें पाहावें. फिरत असेल तर फिल्म चालली आहे. फिरत नसेल तर आंकडा काय वाटेल तो दाखवो, त्यावर विश्वास ठेवूं नये.

मोबाइलनें चित्र लगेच दिसतें, आणि चुकलें तर तेथल्या तेथें पुन्हां घेतां येतें, ही मोठी सोय आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. जुना कॅमेरा महाग पडतो हेंहि खरें. रोलला पैसे, धुण्यास पैसे, छापण्यास पैसे. पण छत्तीसच चित्रें आहेत हें ठाऊक असलें म्हणजे मनुष्य कळ दाबण्यापूर्वीं थांबतो, सावली पाहतो, पावलें मोजतो, समोरच्या माणसाशीं दोन शब्द बोलतो. या थांबण्यांतच मला आनंद वाटतो. असा आनंद घेणारे जगांत पुष्कळ उरले आहेत. इंग्लंडांत मॉबर्ली येथें इल्फर्डची कृष्णधवल फिल्म आजहि तयार होते, आणि २०२४ सालीं पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेराहि निघाला. त्यांत अर्धी चौकट वापरून छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रें घेतां येतात.

ज्यांना शिकावयाचें असेल त्यांनीं चौघांनीं मिळून एक रोल घ्यावा. प्रत्येकास नऊ चित्रें येतील. एक वही ठेवावी आणि दर चित्राची तारीख, वेळ, छिद्र, शटर व अंतर तींत लिहावें. रोल धुऊन आला म्हणजे वही व चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. चुकलेलें चित्र फाडूं नये. त्याच्यामागें चुकीचें कारण लिहावें. प्रदर्शनांतील तिन्ही कॅमेरे विज्ञानाच्या कपाटांत आहेत, व किल्ली माझ्याजवळ असते. शनिवारीं शाळा सुटल्यावर या.

एक अट मात्र आहे. ज्याचें चित्र घ्याल त्याला त्याची प्रत स्वतः नेऊन द्यावी. आणि चित्र आलें नसेल तर तसें त्याच आठवड्यांत जाऊन सांगावें.