तीन दारांचा गोल : खेळ व भूमिती यांचा संयुक्त पाठ
(इयत्ता पाचवी)

खेळाचा तास चालू असताना शिक्षकांनी काही वेळ चेंडूकडे न पाहता मुलांकडे पाहावे. चार-पाच चपळ मुलांचा घोळका चेंडूमागे धावत असतो आणि दोन-तीन मुले कडेला हातांची घडी घालून उभी असतात. तास संपतो, तरी त्यांच्या हाताला चेंडूचा स्पर्शही झालेला नसतो. अशा मुलांना आळशी म्हणणे न्याय्य नव्हे. पुष्कळदा खेळाची रचनाच अशी असते, की त्यांची कोणाला गरज भासत नाही. मैदानाच्या टोकाशी असलेल्या दोन खांबांच्या गोलाला एकच तोंड असते. साहजिकच सारा खेळ त्या तोंडापुढे एकवटतो व तेथे दांडग्या मुलाचे फावते. गोलाचा आकार बदलल्यास खेळही बदलतो, हे प्रस्तुत पाठातून अनुभवास यावे, अशी अपेक्षा आहे.

पूर्वपीठिका

१८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकून बास्केटबॉलचा प्रारंभ केला. तेथे टोपलीच्या मागे जाण्यास वाव नव्हता. पुढे १९०२ मध्ये ॲमस्टरडॅम येथील शिक्षक निको ब्रोखाउझेन यांनी कॉर्फबॉल हा खेळ रचला. त्यात टोपलीचा खांब मैदानाच्या आत उभा असतो व टोपलीमागे फळी नसते. म्हणून चेंडू कोणत्याही बाजूने टाकता येतो. मुलगे व मुली एकाच संघात खेळतात, हेही या खेळाचे वैशिष्ट्य होय. आपल्या विद्यार्थ्यांकडे पाहून शिक्षकाने खेळाची नवी रचना करावी, ही गोष्ट अशक्य नाही, हे यावरून दिसेल. आपण हेच तत्त्व घेऊन, उंच टोपलीऐवजी जमिनीवर तीन दारांचा गोल उभारू.

साहित्य

सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचे तीन बांबू, सुती दोरी, सुतळी, फक्की व उसळी घेणारा हलका चेंडू. बांबूंना गोणपाट गुंडाळावे, म्हणजे कुसळ लागण्याचे भय राहणार नाही.

आखणी

दोरीची टोके बांधून ६ मीटर घेराचा फास करावा व त्यावर दर २ मीटरवर खूण करावी. तीन मुलांनी एकेक खूण धरून दोरी ताणावी. समभुज त्रिकोण आपोआप तयार होतो. आता त्याच दोरीवर चार समान खुणा करून चार मुलांना ती ताणावयास सांगावे. कधी चौरस होतो, तर कधी तो कलंडून तिरपा होतो. बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार ठरतो, चौकोनाचा ठरत नाही, हा सिद्धांत मुले येथे हातांनी शिकतात. तो फळ्यावर मागाहून लिहावा.

त्रिकोणाच्या तीन कोनांवर बांबू ४० सेंटिमीटर खोल पुरून पक्के करावेत. वरची टोके सुतळीने जोडावीत. प्रत्येक कोनापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत सुतळी धरल्यास तिन्ही सुतळ्या एकाच बिंदूत मिळतात. त्या बिंदूपासून कोनापर्यंतचे अंतर समोरच्या बाजूपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट भरते. मुलांनी ते मोजून पाहावे. तोच मध्य धरून ३ मीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने आखावे.

खेळाचे नियम

प्रत्येक संघात सात खेळाडू असावेत. उरलेल्या मुलांकडे गुण व नोंदी सोपवून दर दहा मिनिटांनी अदलाबदल करावी. वर्तुळात कोणीही शिरू नये. चेंडू हातात घेऊन धावू नये. पाच अंक मोजून होण्याच्या आत तो सोडावा. अंगाला अंग लावून अडवू नये. चेंडू त्रिकोणाच्या एका दारातून, सुतळीच्या खालून आत गेला, दुसऱ्या दारातून बाहेर आला, आणि वर्तुळापलीकडे असलेल्या आपल्याच गड्याने तो थेट अथवा एका टप्प्यावर झेलला, तर एक गुण मिळतो. गुणानंतर चेंडू दुसऱ्या संघास द्यावा.

या खेळात एकट्याने गुण मिळवता येत नाही. पलीकडे झेलणारा हवाच. कडेला उभे राहणारे मूल पहिल्याच डावात उपयोगी ठरते, कारण ते मोकळ्या जागी असते.

निरीक्षण व चर्चा

थोडा खेळ झाल्यावर मुलांना बसवून पुढील प्रश्न विचारावेत. दाराच्या बरोबर मध्यातून सरळ फेकलेला चेंडू कोठे जातो? तो समोरच्या बांबूवर आदळतो. म्हणून फेकणाऱ्याला डावे किंवा उजवे दार निवडावे लागते व अडवणाऱ्याला दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते. चौरस गोलात सरळ फेक समोरच्याच दारातून निघाली असती व ती अडवणे सोपे झाले असते. तसेच दोन खांबांचा गोल अगदी बाजूने पाहिल्यास त्याची रुंदी नाहीशी होते. आपला त्रिकोण दुरून कोठूनही पाहिला, तरी तो सुमारे १ मीटर ७३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद दिसत नाही. मैदानावर निरुपयोगी अशी जागा उरत नाही, याचे कारण हेच.

मूल्यमापन

गुणांबरोबर प्रत्येक मुलाच्या हाती चेंडू किती वेळा आला, याची नोंद ठेवावी. ज्यांच्या नावापुढे शून्य असेल त्यांची नावे वर्गात वाचून दाखवू नयेत. ती नोंद शिक्षकांसाठी आहे. दुसऱ्या आठवड्यात एक नियम वाढवावा : एकदा गुणाचा झेल घेतलेल्याचा पुढील झेल, संघातील सर्वांचे झेल होईपर्यंत, गुणासाठी धरू नये. मग चपळ मुलेच मागे राहिलेल्यांना हाका मारू लागतील, त्यांना कोठे उभे राहावे ते सांगतील, झेलता येईल असा चेंडू टाकावयास शिकतील.

जिंकले कोण, हे मुले सायंकाळपर्यंत विसरतील. पण आपले नाव घेऊन कोणी तरी हाक मारली आणि चेंडू आपल्याकडे आला, हे त्या कडेच्या मुलाच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. तिसरा बांबू रोवण्याचे श्रम त्यासाठीच घ्यावयाचे आहेत.