गाल टेकला की डोळा जागेवर हवा

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि पात्रता फेरीत त्याच्यावर साठ वेळा नेम धरायचा असतो. मागच्या पीप साइटचं छिद्र, पुढच्या साइटचं कडं आणि लक्ष्याचा काळा गोल ही सगळी वर्तुळं दर वेळी एका मध्यावर यावी लागतात. त्यासाठी गाल स्टॉकवर दर वेळी त्याच जागी, तितक्याच भाराने टेकला पाहिजे. चीकपीसचं, म्हणजे स्टॉकच्या गाल टेकायच्या भागाचं, काम एवढंच, पण ते बिघडलं तर बाकीची मेहनत फुकट जाते.

आमच्या कोल्हापूरला रायफल नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यांच्याकडे पाहून जी मुलं सरावाला येतात, त्यांच्या हातात पहिल्यांदा बहुधा क्लबची जुनी रायफल पडते. तिचा स्टॉक सलग लाकडी असतो, चीकपीस वर-खाली होत नाही. माझ्या मुलीची रायफल अशीच होती.

फर्निचरचं नावाजलेलं काम करणाऱ्या एका कारखान्यात आम्ही नुसता स्टॉक नेऊन दिला. मिस्त्रींनी तिला खुर्चीवर बसवून माप घेतलं, शिसवीचा सुरेख तुकडा घडवला, डिंकाने पक्का चिकटवला आणि वर आरशासारखं पॉलिश चढवलं. "ताई, आता जन्मात हलायचा नाही," असं ते कौतुकाने म्हणाले. रेंजवर जाकीट घालून उभं राहिल्यावर मात्र तिची मान वेगळ्याच कोनात यायला लागली. डोळा छिद्राशी नेण्यासाठी ती गाल दाबून धरायची. थोड्याच दिवसांत मान दुखायला लागली, गोळ्या वर-खाली पसरायला लागल्या, आणि सगळे तिला "लक्ष दे" म्हणत राहिले. तिचं लक्ष होतंच. शेवटी तुकडा काढायला गेलो तर डिंक लाकडापेक्षा चिवट निघाला, स्टॉकची मोठी ढलपी उखडून आली.

माझे वडील सुतार. ती ढलपी मी त्यांच्या हाताखाली बसून भरून काढली आणि दुसरं चीकपीस घडवलं. तेव्हापासून इतर मुलांचे स्टॉकही माझ्याकडे येतात. त्यातून जे हाताला कळलं ते सांगते.

लाकडाला हात लावण्याआधी पुठ्ठा घ्या. पट्ट्या कापून टेपने स्टॉकवर एकावर एक बसवा. मुलीला जाकीट, बूट घालून नेहमीच्या पवित्र्यात उभं करा, डोळे मिटून रायफल उचलायला सांगा. गाल आपसूक टेकू दे, मगच डोळे उघडू दे. पुढचं कडं छिद्रात खाली सरकलेलं दिसलं तर डोळा खाली आहे, पट्टी वाढवा. वर दिसलं तर पट्टी काढा. डावी-उजवी बाजूही अशीच बघा. डोळा शोधायला मान हलत असेल तर माप चुकलंय. आणि एका दिवसाच्या मापावर विसंबू नका. पुठ्ठा लावूनच काही दिवस सराव होऊ द्या, कारण दमलेली मान वेगळं सांगते.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. मला जुन्या दाराचं सागवान आवडतं. शिसव देखणी असते, पण वजनदार. स्पर्धेत रायफल साडेपाच किलोंच्या आतच लागते, हे ध्यानात ठेवा. लाकडाच्या रेषा स्टॉकच्या लांबीने जाऊ द्या. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही.

काम सुरू करताना रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, मग स्टॉक वेगळा काढा. भुसा साइटमध्ये किंवा छर्रा भरायच्या जागेत जाता कामा नये. हे सगळं एअर रायफलपुरतं आहे. पॉइंट टू टू रायफलचं काम परवाना असलेल्या गनस्मिथकडेच न्या.

बसवणीत घाई झाली की पुढे सगळं डळमळतं. स्टॉकवर पारदर्शक टेप लावा, त्यावर काजळाचा पातळ हात फिरवा आणि तुकडा टेकवून उचला. काळे डाग पडतील ते उंचवटे, तेवढेच कानशीने घासा. पुन्हा टेकवा, पुन्हा घासा. डाग सगळीकडे सारखे पडेपर्यंत थांबू नका. डिंक मुळीच नको. स्टॉकमध्ये आट्यांचे पितळी इन्सर्ट बसवून वरून बोल्ट घ्या. बोल्टची डोकी दोन्ही टोकांना, गाल टेकत नाही तिथे, लाकडात बुडालेली असावीत, आणि भोकं किंचित लांबट ठेवा म्हणजे फुगवट्याला वाव मिळतो. मूल वाढतं, तसं चीकपीसही उचलावं लागतं. त्यासाठी मी खाली चामड्याच्या पट्ट्या घालते. कोल्हापुरात चामड्याच्या तुकड्यांना काय तोटा! रायफल कॉक करायचा दांडा चीकपीसला अडत नाही ना, तेही आधीच पाहा. जबड्याकडची कड नीट गोल करा.

आता पॉलिश. लाखेचं पॉलिश घामाने पांढरं पडतं, आणि चकचकीत गुळगुळीत पृष्ठावर ओला गाल घसरतो. मी १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ३२० पर्यंत जाते. मग ओल्या फडक्याने लाकूड पुसते, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा हलकेच घासते. त्यानंतर बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, अगदी पातळ. थोडा वेळ मुरू द्यायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. एक हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये. पावसात यासाठी जास्त दिवस धरा, चिकट थरावर थर चढला की तो कधीच धड सुकत नाही.

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, ती बोळ्यात कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती मोकळ्या जागेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

स्टॉक परत जोडल्यावर झिरो, म्हणजे साइटची जुळणी, पुन्हा घ्यावा लागतो आणि मानेलाही नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून स्पर्धा तोंडावर आलेली असताना हे काम काढू नका. आणि मूल मान दुखते म्हणालं, तर त्याला रागवण्याआधी चीकपीस तपासा.