राज्य बदलले म्हणून पीएफवरचा कर बदलत नाही

माल घ्यायला सुरतेला गेलो की आपल्या मलकापूर-खामगावकडची मुले भेटतात. गावी परतायची तयारी असली की एक प्रश्न हमखास येतो : "चाचा, गुजरातेत जमलेला पीएफ महाराष्ट्रात येऊन काढला तर दोन्ही राज्यांचा कर लागेल काय?"

उत्तर सरळ आहे : नाही. शेतीचे उत्पन्न सोडले तर आयकर हा केंद्र सरकारचा विषय आहे. राज्याचा व्यवसाय कर असतो, पण तो कामधंद्यावर आणि नोकरीवर. घटनेच्या कलम 276 नुसार वर्षाला 2500 रुपयांपेक्षा जास्त नाही. पीएफच्या रकमेशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांचा स्वतःचा आयकर आहे. तेथे राज्य सोडून गेलेल्यांच्या पेन्शनवरही जुने राज्य कर मागत असे. 1996 च्या कायद्याने ते बंद झाले. आपल्याकडे तो झगडाच नाही.

मग नुकसान कोठे होते? पाच वर्षांच्या अटीत. सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावर पीएफ काढला तर त्यावर कर नाही. त्याआधी काढला तर मालकाचा हिस्सा आणि व्याज करपात्र ठरते. रक्कम 50,000 रुपये किंवा जास्त असेल तर 10 टक्के कापूनच हाती येते. पॅन दिला नसेल तर 20 टक्के.

समजा, एकाने सुरतेत 3 वर्षे काम केले आणि नंतर खामगावात अडीच वर्षे. जुने खाते नव्यात वर्ग केले असेल तर नोकरी साडेपाच वर्षांची धरली जाते, कर शून्य. सुरत सोडतानाच पैसे काढले असतील तर त्या रकमेवर कर आणि खामगावात मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आजारपणामुळे किंवा मालकाचा धंदा बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर पाच वर्षांची अट आड येत नाही. त्याचे कागद जपावेत. कर कापला गेला आणि वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.

तेव्हा गाव सोडताना मुलांना तीन गोष्टी सांगा : यूएएन क्रमांक एकच ठेवा, पॅन आणि आधार त्याला जोडा, नोकरी बदलली तर पैसे काढू नका, खाते वर्ग करा. घामाचा पैसा निव्वळ घाईपायी कापला जाऊ नये.